पाठीवरचा खळगा, ‘एमआरआय नंतर’ आणि मधले पाच महिने

प्रश्न थोडक्यात असा: “आमची पहिली मुलगी, पाच आठवड्यांची. पूर्ण दिवसांची. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माकडहाडाच्या वर एक खळगा आणि त्याला लागून केसांचा बारीक पुंजका दाखवला. तिसऱ्या आठवड्यात पाठीची सोनोग्राफी झाली. मज्जारज्जूचं टोक ‘एल ३ च्या वरच्या कडेशी, सीमारेषेवर’ आणि शेवटी ‘एमआरआय करून खात्री करावी’ असं लिहून आलं. न्यूरोसर्जन म्हणाले, सहा महिन्यांची होऊ दे, मग करू. तोवर आम्ही काय करायचं? सासूबाई म्हणतात, ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली म्हणून झालं. मिस्टर म्हणतात, विचारच करू नकोस. फॉलिक ॲसिड मी सातव्या आठवड्यात सुरू केलं, ते डोक्यातून जात नाही. रात्री उठून तिचे पाय हलतात का बघते. बारसंही अजून केलेलं नाही.”

रात्री उठून पाय बघता, तिथूनच सुरुवात करते. त्याबद्दल मला आत्ताच, कुठल्याही एमआरआयशिवाय सांगता येईल. झोपलेल्या बाळाचे पाय बघून काही कळत नाही. गाढ झोपेत प्रत्येक निरोगी बाळ पाय सैल सोडतं. तुम्ही अंगठा दाबता, ती हलत नाही, तुमच्या पोटात गोळा येतो. मग ती दचकून पाय झाडते, तुम्हाला हायसं वाटतं आणि दोन तासांनी पुन्हा तेच. या तपासणीतून मला डॉक्टर म्हणूनसुद्धा काही अर्थ काढता येणार नाही. पाय बघायचे ते ती जागी असताना, भुकेने रडत असताना, अंघोळीच्या वेळी. त्याबद्दल पुढे नीट सांगते. पण रात्रीचं बघणं आजपासून बंद करा, हे डॉक्टरी सांगणं आहे असं समजा.

मी सत्तावीस वर्षं सांगली-मिरज भागात नवजात बाळं तपासतेय. बाळाला पालथं घालायचं, कुल्ल्यांमधली फट बोटांनी हलकेच बाजूला करायची आणि बॅटरीच्या उजेडात कण्याच्या तळाशी बघायचं, हा पहिल्या तपासणीचा भाग असतो. शंभरातल्या दोन-चार बाळांना तिथे खळगा सापडतोच. त्यातले बहुतेक साधे असतात: गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत, पाच मिलिमीटरपेक्षा लहान, बरोबर मधोमध, तळ दिसणारे, आजूबाजूची कातडी नितळ. अशा खळग्याला मी सोनोग्राफीसुद्धा सांगत नाही. आईला दाखवते आणि विसरून जा म्हणते.

तुमच्या मुलीच्या बाबतीत शेजारी पुंजका आहे, म्हणून पुढची तपासणी झाली. कातडी आणि मज्जासंस्था गर्भात एकाच थरातून घडतात. त्यामुळे पाठीच्या मधल्या रेषेवर केसांचा पुंजका, लाल डाग, चरबीची मऊ गाठ, शेपटीसारखा कातडीचा लोंबता तुकडा असं काही दिसलं की आम्ही आत डोकावतो. एक मात्र डॉक्टरांना पुन्हा विचारा, हा खरोखर पुंजका आहे की नुसती लव. आपल्याकडे पुष्कळ बाळांच्या पाठीवर लव असते, ती काही आठवड्यांत झडते आणि तिचा कण्याशी काही संबंध नसतो. पुंजका एका जागी, लांब केसांचा, मधल्या रेषेवर असतो. तुमच्या डॉक्टरांनी हे दुसऱ्याच दिवशी पाहिलं, म्हणजे बाळाला नीट उघडं करून तपासलं. याचं मला बरं वाटलं.

आता रिपोर्ट. मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून निघून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारी दोरी. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात ती कण्याच्या पार तळापर्यंत असते. मग कणा भराभर वाढतो, दोरी तितकी वाढत नाही, आणि तिचं टोक वर सरकल्यासारखं दिसतं. ‘एल’ म्हणजे कमरेचे मणके, ते पाच. पूर्ण दिवसांच्या बाळात हे टोक साधारण पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी, फार तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या चकतीपाशी असतं. तुमच्या मुलीचं टोक तिसऱ्याच्या वरच्या कडेला आहे, म्हणजे अगदी उंबऱ्यावर. काही पूर्ण निरोगी बाळांत ते तिथेच असतं आणि तिथेच राहतं. शिवाय सोनोग्राफीत मणके मोजायचे म्हणजे शेवटच्या बरगडीपासून खाली किंवा माकडहाडाकडून वर मोजत जायचं. एखाद्या बाळाला बरगडी एक कमी किंवा जास्त असली, की सगळी मोजणी एका मणक्याने सरकते. ‘सीमारेषेवर’ या शब्दात हे सगळं धरलेलं असतं. तो शब्द लिहिणाऱ्याने हातचं राखून लिहिलेलं नाही. जेवढं दिसलं तेवढंच लिहिलंय.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी शोधा. एक, ‘फायलम’ किती जाड आहे. मज्जारज्जूच्या टोकापासून माकडहाडापर्यंत एक बारीक धागा जातो, तो फायलम. दोन मिलिमीटरपर्यंत जाडी ठीक मानतात. दुसरी गोष्ट म्हणजे चेतातंतूंची हालचाल. ही सोनोग्राफी चालू असताना मी अनेकदा शेजारी उभी असते. बाळ गुंडाळीवर पालथं, पाठीवर कोमट केलेलं जेल, आई बाळाच्या डोक्याशी वाकलेली. पडद्यावर काळ्या पाण्यात करड्या रेघांचा झुबका दिसतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्या रेघा लवतात, ओढ्याच्या पाण्यात गवताची पाती लवतात तशा. मज्जारज्जू खालून कशाने तरी बांधला गेलेला असेल, तर तो पोकळीच्या मागच्या भिंतीला चिकटल्यासारखा दिसतो आणि हे लवणं मंदावतं किंवा दिसतच नाही. टोक उंबऱ्यावर, पण धागा बारीक आणि हालचाल मोकळी असं लिहिलेलं असेल, तर पारडं चांगल्या बाजूला बरंच झुकलेलं आहे. लिहिलेलं नसेल, तर पुढच्या भेटीत विचारायचा हा पहिला प्रश्न.

मग लगेच एमआरआय का नाही? हा प्रश्न मला प्रत्येक आईने विचारलाय, आणि तो विचारायलाच हवा. एवढ्याशा बाळात फायलममधली चरबी, बारीक पडदे, धागे एमआरआयवरही स्पष्ट उमटतीलच असं नाही. तीन ते सहा महिन्यांत चित्र जास्त वाचता येतं. चित्र स्पष्ट यायला बाळ अर्धा-पाऊण तास निश्चल लागतं, आणि सहा महिन्यांच्या, अंगाने भरलेल्या बाळाला भूल देणं पाच आठवड्यांच्या बाळापेक्षा सोपं. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. पाय छान हलतायत, शू मोकळी होतेय, खळगा कोरडा आहे, अशा बाळात आज काही सापडलं तरी बहुतेक सर्जन आज शस्त्रक्रिया करत नाहीत. म्हणजे पाच महिने थांबल्याने हातची संधी जात नाही. काही मोठ्या रुग्णालयांत तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, झोपेतच भुलेशिवाय एमआरआय करतात. तीही रीत चांगली आहे. तुमच्या सर्जनना विचारून बघा, पण ते नाही म्हणाले तर हलगर्जीपणा करतायत असं मनात आणू नका. आणखी एक विचारण्यासारखं आहे. तीन-चार महिन्यांपर्यंत बाळाच्या मणक्यांची मागची बाजू कूर्चेची, मऊ असते, म्हणून सोनोग्राफीला आतलं दिसतं. त्या मुदतीत एकदा पुन्हा सोनोग्राफी करायची का? वाटेत एक थांबा मिळाला की रस्ता सरतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

एका बाबतीत मात्र कुणीच थांबत नाही. खळग्याचा तळ दिसत नसेल, त्यातून पाणी किंवा पू येत असेल, भोवती लाली असेल, तर ती आतपर्यंत गेलेली नळी असू शकते. तिला डर्मल सायनस म्हणतात. त्यातून जंतू थेट मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत पोचून मेंदूज्वर होऊ शकतो. असं काही दिसलं तर सहा महिन्यांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आता एमआरआयमध्ये काय काय निघू शकतं ते सांगते, कारण न सांगितलेल्या गोष्टी रात्री जास्त मोठ्या होतात. पहिली शक्यता, सगळं व्यवस्थित. टोक उंबऱ्यावर होतं, ती तिची ठेवण होती. दुसरी शक्यता, फायलम जाड किंवा त्यात चरबी. ही चरबी कधी काही त्रास नसलेल्या मोठ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सहज सापडते. त्यामुळे ती दिसली की लगेच शस्त्रक्रिया, असं समीकरण नाही. पण मज्जारज्जू खाली ओढला गेलाय आणि धागा ताठ आहे असं दिसलं, तर तो धागा कापून मोकळा करतात. अशा खाली बांधल्या गेलेल्या मज्जारज्जूलाच टेथर्ड कॉर्ड म्हणतात. कण्यावरच्या शस्त्रक्रियांमध्ये ही लहानातली. दोन-चार दिवस रुग्णालयात, त्यातला काही काळ बाळाला आडवंच ठेवायचं, म्हणजे जखमेतून पाणी झिरपत नाही. तिसरी शक्यता, मज्जारज्जूला चिकटलेली चरबीची गाठ किंवा दुभंगलेला मज्जारज्जू. हे काम मोठं. त्यातही, चरबीची गाठ आहे पण बाळाला काहीच त्रास नाही, अशा वेळी आधीच शस्त्रक्रिया करावी की लक्ष ठेवून थांबावं, याबद्दल जगभरच्या अनुभवी सर्जनांत मतभेद आहेत. तसं काही निघालं तर दुसरं मत घ्यायला अजिबात संकोच करू नका.

आणि एक गोष्ट जी तुमच्या बाबतीत आधीच बाजूला पडलेली आहे. मोबाइलवर ‘स्पायना बायफिडा’, म्हणजे गर्भात कणा मागून नीट न मिटण्याचा दोष, शोधलं की पाठीवर उघड्या फुग्याची, मोठ्या डोक्याची बाळं दिसतात. तुम्ही ती पाहिली असणारच. तो उघडा प्रकार. तुमच्या मुलीची पाठ कातडीने पूर्ण झाकलेली आहे, तिला तो नाही. तिच्याबाबत जी काही शंका आहे ती झाकल्या प्रकारातली. ते फोटो तिच्याबद्दलचे नाहीत.

हे सगळं मी पूर्वी फार वाईट रीतीने सांगायचे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाळंतिणीला मी दुसऱ्याच दिवशी, पलंगाशी उभ्या उभ्या, होऊ शकणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी ऐकवली. लपवायचं नाही हा हेतू होता. एमआरआय सातव्या महिन्यात झाला आणि अगदी स्वच्छ आला. पेढे घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, बाळ पहिल्यांदा कधी हसलं ते मला आठवत नाही. मला फक्त त्याची पावलं आठवतात.” ते वाक्य माझ्याबरोबर राहिलंय. तेव्हापासून मी बातमी सांगताना बाळ आईच्या मांडीवर देते, बसून बोलते, आणि काय बघायचं याच्याइतकंच कधी बघायचं नाही हेही सांगते.

तर आठवड्यातून एकदा. रविवारची अंघोळ ठरवून टाका. बाळ उघडं, जागं, खोली उबदार. दोन्ही पाय सारख्या जोराने झाडते का. तळव्याला गुदगुल्या केल्या की दोन्हीकडची बोटं हलतात का. दोन्ही पोटऱ्या, दोन्ही पावलं एकसारखी दिसतात का, एखादं पाऊल कायम आत वळून राहतं का. खळगा कोरडा आहे का. वहीत एक ओळ लिहा, तारीख टाका, वही मिटा. पुढच्या रविवारपर्यंत ती उघडायची नाही.

शू बघायला थोडी युक्ती लागते, कारण डायपरमध्ये काहीच कळत नाही. रोज तासभर सुती लंगोट बांधा. निरोगी बाळ लंगोट भिजवतं, मग काही वेळ कोरडं राहतं, मग पुन्हा भिजवतं. लंगोट सोडला की बऱ्याचदा गार हवेने तिथेच धार सोडतं. धार येते आणि थांबते, हे बघायचं. लंगोट कधीच कोरडा मिळत नाही, शू थेंब थेंब गळत राहते, रडली की प्रत्येक वेळी गळते, असं दिसलं तर कळवायचं. विनाकारण ताप आला तर लघवीची तपासणी करायला सांगा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप असाही त्याच दिवशी दाखवायचाच, आणि दाखवताना पाठीवरच्या खळग्याचा उल्लेख करायचा. शीबद्दल मात्र घाबरू नका. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ वेळा करतं किंवा पाच दिवसांतून एकदा करतं, दोन्ही चालतं.

आणखी एक गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. कुठल्याही कारणाने, अगदी साध्या हर्नियासाठीही भूल द्यायची वेळ आली, तर पाठीत किंवा माकडहाडापाशी सुई टोचण्याआधी भूलतज्ज्ञांना हा रिपोर्ट दाखवायचा. टोक खाली असू शकतं, हे त्यांना आधी माहीत हवं.

खळग्यात हळद, काजळ, पावडर, तेल काही भरायचं नाही. कापसाची काडी आत घालायची नाही. केस कापायचे नाहीत, म्हणजे सर्जनना ते जसेच्या तसे बघता येतील. बाकी मालिश खुशाल करा. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना एवढंच सांगा की पाय धरून उलटं टांगायचं नाही आणि पाठ कडाकडा वाकवायची नाही. हे खरं तर कुणाच्याच बाळाला करू नये. पालथं घाला, मांडीवर खेळवा, कडेवर घेऊन अंगणात जा. सहाव्या आठवड्याच्या लसी वेळेवर द्या. यातल्या कशाने मज्जारज्जूवर ताण येत नाही. तिला काचेच्या भांड्यासारखं धरायची गरज नाही.

आता ग्रहण. बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते, आणि तिचं शेपटाकडचं टोक पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घडतं. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येऊन तुम्ही पट्टी आणून बघत होतात, त्याच्या आसपास हे काम चालू होतं किंवा उरकतही आलं होतं. नंतर विळी हातात घेतली काय किंवा अंथरुणावर पडून राहिलात काय, त्याने इथे काही बदलणारं नव्हतं. फॉलिक ॲसिडचं तुम्ही मनाला लावून घेतलंय, म्हणून थोडं सविस्तर सांगते. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीत दिसलं, की आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष असलेल्या आयांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटतं. हे मुख्यतः उघड्या प्रकाराबद्दल. तुमच्या मुलीबाबत ज्या झाकल्या, टोकाकडच्या प्रकारांची शंका आहे, त्यांचा फॉलिक ॲसिडशी इतका सरळ संबंध दिसत नाही. आणि सातव्या आठवड्यात गोळी सुरू करणाऱ्या बायका माझ्याकडे रोज येतात. त्यांची बाळं बहुतेक धडधाकटच असतात. पुढच्या खेपेला दिवस राहण्याच्या आधीपासून गोळी घ्या, मात्रा किती ते स्त्रीरोगतज्ज्ञांना हा रिपोर्ट दाखवून ठरवा. या बाळाच्या हिशेबात ती गोळी धरू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्याने तुमचाच जीव शिणेल. त्यांच्याही मनात भीतीच आहे. ग्रहणाच्या रूपाने त्यांना निदान एक कारण तरी मिळालंय. माझा अनुभव असा की आजीला काम दिलं की तिचं बोलणं बदलतं. लंगोट त्यांच्या हाती द्या. “आई, धार नीट येते का तेवढं तुम्ही बघा, मला कळत नाही,” असं म्हणा. ज्या बाईने दोन-तीन मुलं आणि त्यांची लंगोटं सांभाळलीत, तिची नजर या बाबतीत माझ्याहून तयार असते. रविवारच्या अंघोळीलाही त्यांना बसवा.

मिस्टरांचं “विचारच करू नकोस” हे तुम्हाला लागतं, कारण ते ऐकून तुम्ही आणखी एकट्या पडता. पुष्कळ बाप हे म्हणतात आणि रात्री मोबाइलवर तेच शोधत बसतात. त्यांना फाइल सांभाळायला द्या. भेटीची वेळ घेणं, सर्जनना विचारायचे प्रश्न वहीत उतरवणं, एमआरआय कुठे, किती खर्च, हे सगळं त्यांच्याकडे. रविवारी वही लिहून झाली की अर्धा तास दोघांनी यावर बोलायचं, मनात येईल ते, रडायचं असेल तर रडायचं. बाकीच्या दिवशी एखादी शंका आली तर ती चिठ्ठीवर लिहून वहीत खोचायची. तुम्हाला हे कोरडं वाटेल. पण दिवसभर थोडं थोडं घाबरण्यापेक्षा ठरवून घाबरलेलं झेपतं.

आणि तुमचं स्वतःचं. पाच आठवड्यांच्या बाळंतिणीची झोप आधीच तुटलेली असते. त्यात हा घोर. तुम्हाला झोप येत नाही ती बाळ रडतं म्हणून, की ते गाढ झोपलेलं असतानाही येत नाही? दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत रडू येणं, अन्न नकोसं होणं, बाळाला जवळ घ्यावंसं न वाटणं, “मी नसते तर बरं” असा विचार मनात येणं, यातलं काही असेल तर ते एमआरआयपर्यंत थांबवायचं नाही. ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत, आणि अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचा विचार आला तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा, एकट्या राहू नका.

एमआरआयच्या दिवसाबद्दल थोडं. केवळ कमरेचा की पूर्ण कण्याचा करायचा, हे सर्जनकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर पुन्हा भूल द्यायची वेळ येते. भूल मुलांना नेहमी भूल देणारे डॉक्टर देणार आहेत का, ते विचारा. आईचं दूध साधारण चार तास आधी बंद करतात, वरचं दूध आणि भरवलेलं सहा तास. वेळ सकाळची मागा, उपाशी बाळाला दुपारपर्यंत समजावणं कठीण असतं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, आवाज मात्र मोठा असतो, कानांना संरक्षण लावतात. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांच्या यादीत मज्जानलिकेचे दोष आहेत. शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हेही तिथे विचारता येतं. सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: अशी बाळं तुमच्याकडे वर्षाला किती येतात? चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही. लागलंच तर मुंबईत परळचं वाडिया आहे, फक्त मुलांसाठीचं रुग्णालय, तिथे ही बाळं नेहमी येतात.

एमआरआय चांगला आला तरी पहिली दोन वर्षं आणि नंतर वयात येताना, म्हणजे उंची झपाट्याने वाढते तेव्हा, नेहमीच्या तपासणीत पाय आणि लघवीबद्दल डॉक्टरांना आठवण करून द्या. अंथरूण कोरडं ठेवायला लागलेली मुलगी पुन्हा ते ओलं करायला लागली, चालताना एक पाय ओढायला लागली, तर दाखवायचं. एवढंच. त्यासाठी तिला खेळापासून, पोहण्यापासून, झाडावर चढण्यापासून अडवायचं नाही.

राहिलं बारसं. तुमच्या फाइलवर अजून ‘बेबी ऑफ’ आणि पुढे तुमचं नाव असणार. एमआरआयच्या चिठ्ठीवरही तेच येईल. करून टाका बारसं. मोठं नको असेल तर घरातल्या घरात करा, पाळण्याला चार फुलं बांधा, घुगऱ्या वाटा, आत्याला कानात नाव सांगू दे. आलेल्या बायकांपैकी कुणाला पाठीबद्दल सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. आणि सहाव्या महिन्यात एमआरआयच्या खोलीबाहेर नर्स फाइल हातात घेऊन नाव पुकारेल, तेव्हा ते तिचं नाव असू दे.